रस्सासुद्धा नको

बायको: मटणाच्या फोडी काढल्यात सगळ्या. नुसता रस्सा वाढलाय. जेवा आता.

नवरा: रस्सासुद्धा नको गं.

बायको: का? कालपर्यंत चालत होता की. मटण सोडलं म्हणून ऐट केलीत आणि त्याच रश्श्यात पाव बुडवून बुडवून खाल्लात.

नवरा: चुकलंच ते. मला वाटायचं, फोडी बाजूला केल्या की झालं. आज डब्यात तोच रस्सा होता, तर बाईंना हसू आवरेना. मटणात शिजलेलं म्हणजे मटणच, म्हणाल्या.

बायको: कोण बाई?

नवरा: आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात नवीन आल्यात त्या. शिवणीच्या टेबलावर. सांगितलं होतं तुला.

बायको: सांगितलंत ना. पुस्तकं शिवतात, दोरा तुटू देत नाहीत, कुणावर आवाज चढवत नाहीत. जेवताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. तुमच्या डब्यात डोकावतात, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

नवरा: डोकावत नाहीत. आमच्याकडे सगळ्यांचे डबे मध्ये ठेवायची पद्धत आहे. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. त्या पहिल्या दिवशी आल्या, सगळ्या डब्यांत मासे नाहीतर मटण. गुपचूप आपला डबा उचलला आणि खिडकीपाशी पाठ करून जेवल्या. मला कसंतरीच झालं.

बायको: म्हणून सोडलंत?

नवरा: म्हणजे... एक डबा तरी त्यांना चालेलसा असावा, इतकंच.

बायको: मला तर म्हणालात, पोटाला जड पडतं. मी खुळ्यासारखी ओवा भाजून देत होते रोज. जेवल्यावर निमूट चघळत होतात की.

नवरा: तू उगाच वेडंवाकडं मनात आणशील म्हणून बोललो नाही.

बायको: मनात आणण्यासारखं काही नव्हतं, तर लपवलंत कशाला? आणि हल्ली पुस्तकं चिकटवायच्या खळीचे डाग पडलेला शर्ट चालत नाही तुम्हाला. खळीत हात घालणाऱ्या माणसाला इस्त्री लागते.

नवरा: तू म्हणजे ना, कुठल्या कुठे नेतेस. त्या मला दादा म्हणतात.

बायको: म्हणू देत. दादा म्हटल्यावर तुम्ही एवढे विरघळलात.

नवरा: बरं, ते राहू दे. मला खरंच त्रास होतोय. नुसते बटाटे आणि पाव खाऊन अंगात काही राहत नाही. आज कटिंग मशीनपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. फोरमन म्हणाला, बाजूला हो, बोटं जातील.

बायको: अंधारी आली आणि हे आत्ता सांगताय?

नवरा: बाई म्हणाल्या, नुसतं सोडून भागत नाही, त्या जागी दुसरं काही पोटात जायला हवं. डाळी, हरभरे, दाणे, पालेभाज्या. आता तुला यातलं काय येणार, आपल्याकडे कधी बनतच नाही. म्हणून त्याच म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी घरी येते आणि वहिनींना चार पदार्थ शिकवते. चांगल्या आहेत गं मनानं. मी हो म्हटलंय.

बायको: मला शिकवणार?

नवरा: त्यात कमीपणा कसला?

बायको: लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मी काय खात होते?

नवरा: आता हे काय मध्येच?

बायको: सांगा ना. काय खात होते?

(तो ताट थोडं पुढे सरकवतो.)

बायको: विसरलात. माझ्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नव्हतं. आईच्या हातची हरभऱ्याची आमटी तुम्ही मला बघायला आलात तेव्हा दोनदा मागून घेतली होतीत. ती मला डोळे मिटून करता येते. येत होती.

नवरा: अगं हो. खरंच की. पण तू तर पहिल्यापासून खातेस, आमच्यापेक्षा चवीनं.

बायको: पहिल्यापासून नाही. आल्या आल्या तुमच्या आईनं मटणाचं मोठं पातेलं मध्ये ठेवलं, सगळे गोल करून बसलात. माझं पान एकटं भिंतीशी मांडलं होतं. मी ते उचलून तुमच्या शेजारी आणलं आणि खाल्लं. नंतर मागच्या मोरीत सगळं ओकले. तुम्ही हातावर पाणी घालत होतात आणि हसत होतात. घरभर सांगितलंत, आमचा गडी तयार झाला.

नवरा: मला वाटलं, तुला आवडायला लागलं.

बायको: तुमच्या शेजारी बसायला आवडत होतं. बाकी सगळं गिळलं. पुढे जिभेला सवय झाली, ती गोष्ट वेगळी. पण त्या भिंतीशी मी पाठ करून बसले असते तर तुम्हाला कसंतरी झालं असतं का, हे आज पहिल्यांदा मनात आलं. आणि आता जळफळतेय मी, हो, जळफळतेय. त्या बाईवर नाही तर कुणावर जळफळू?

नवरा: एकदा बोलली असतीस तर तेव्हाच सोडलं असतं मी. तुझ्या गळ्याशपथ. पण तू कधी मागितलंच नाहीस.

बायको: त्यांनी मागितलं होतं?

नवरा: नाही.