सगळे आकडे एकसारखे

आमच्या आदिलाबादच्या क्लासचे मालक किती हुशार आहेत ते सांगतो, चहा घेता घेता ऐका. केमिस्ट्रीची पुस्तिका छापायची होती. मी कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं, रसायनांच्या सूत्रातले आकडे बारीक करून ओळीच्या खाली बसव. तेवढ्यात मालक येऊन उभे राह्यले.

"काही आकडे मोठे, काही बारीक, असं काऊन करून राह्यले?"

"सर, पाण्याच्या सूत्रातला दोन खालीच लिहितात."

"मंग सगळेच आकडे तसे करा. पुस्तक एकसारखं दिसलं पाह्यजे."

"सगळे म्हणजे पानांचे, प्रश्नांचे पण?"

"तुमी शिकवायचं पाहा. छपाईतलं मला समजते."

कॉम्प्युटरवाल्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुस्तिकेतल्या झाडून सगळ्या आकड्यांना तीच स्टाइल लावून दिली.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर 'निकाल १०० टक्के' हे मालकांनी खास टाकायला लावलं होतं. अक्षरं ही मोठी, आणि शंभर मात्र मुंगीएवढा, ओळीखाली लोंबलेला.

मालक माझ्यावरच भडकले. "हा निकाल कोणाला दिसन?"

मी म्हटलं, "सर, परीक्षेनंतर तरी कोणाला दिसला होता?"