ओझं तुझं, पाय माझे

ऐका रे. आणि ऐकायचं असेल तर पुढं सरका. दाराला पाठ लावून बसू नका. का ते शेवटी सांगतो.

आपल्या घाटाची ती जुनी पायवाट आहे ना, करवंदीच्या जाळीनं गिळलेली, तिची ही गोष्ट. तेव्हा बाजाराचं सगळं सामान त्याच वाटेनं वर यायचं, माणसांच्या डोक्यावरून. वाटेत खांद्याइतके उंच धोंडे रचलेले असायचे. टेकायचे धोंडे. पाठ लावायची, डोक्यावरचं ओझं मागं सरकवायचं, मान मोकळी करायची. कारण ओझं जमिनीवर ठेवलं, तर परत डोक्यावर देणार कोण? आणि वाटेत कुणी म्हणालं, "जरा हात लावा," की थांबायचं. वैरी असला तरी थांबायचं. दोघांनी मिळून ओझं उचलायचं, त्याच्या डोक्यावर द्यायचं, मग आपली वाट धरायची. घाटाचा कायदाच होता तो.

तर त्या रात्री धाकू शेलार तांदळाचं पोतं घेऊन घाटाच्या पायथ्याशी आला. अंधार पडलेला. धाकू म्हणजे काय गडी! रेड्यासारखी मान. दोघांचं ओझं एकटा न्यायचा, आणि उचलताना कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पायथ्याच्या दुकानातल्या गोविंदनानांनी हाक मारली, "धाकू, रात्र झाली रे. राहा इथं, पहाटे जा."

"सकाळी बहिणीचं, यमूचं लगीन आहे, नाना. तांदूळ माझ्या डोक्यावर. वऱ्हाडाला काय, तुमचा उपदेश वाढू?"

"वाढ हो! बरं, निदान आईला तरी सांगून जा."

आई म्हणजे घाटजाई. पायथ्याशी तिची शेंदूर लावलेली शिळा. प्रत्येक ओझेवाला तिथं हात टेकवायचा आणि म्हणायचा, "आई, ओझं तुझं, पाय माझे." मगच चढायचा.

धाकू हसला. "ओझंही माझं, पायही माझेच. तिला कशाला तसदी?"

आणि चढायला लागला.

आता एक गोष्ट तेव्हा फक्त धाकूला ठाऊक होती. ती आधी ऐका. मागच्या थंडीत तो याच वाटेनं रिकाम्या हातांनी उतरत होता. मधल्या धोंड्यापाशी भागी मोळीवाली उभी. मोळी बांधून जमिनीवर पडलेली, सूर्य बुडत आलेला. ती म्हणाली, "दादा, जरा हात लावा. घरी तान्हं रडत असंल."

धाकू थांबलासुद्धा नाही. "उचलवत नसंल तर बांधू नये!" असं म्हणाला आणि हसत निघून गेला. तिनं एकटीनं मोळी उचलली. पाय सरकला. सकाळी लोकांना ती दरीत सापडली, मोळीचा दोर गळ्याभोवती.

मग? मग काय! त्या रात्री धाकू मधल्या धोंड्यापाशी आला आणि पाठीमागून आवाज आला.

"दादा, जरा हात लावा."

धाकूनं भागीचा आवाज ओळखला. पण मागं बघितलं नाही त्यानं. पाय उचलला. दोन ढांगा गेला असेल नसेल, पोतं जड झालं. जरासंच. जणू कुणी वर मूठभर तांदूळ टाकले. तो मनात म्हणाला, दमलो असेन. पुढं गेला. आणखी जड. पोत्याखालची चुंबळ कपाळात रुतायला लागली. मागं पावलं वाजत होती, अनवाणी, त्याच्या पावलावर पाऊल.

समोर टेकायचा धोंडा दिसला. हुश्श! धाकू वळला, पाठ टेकवायला मागं झुकला.

पाठीला गार वारा लागला. धोंडा नव्हताच! मागं दरी, आ वासलेली! कसाबसा तोल सावरला गड्यानं. आणि दरीतून हसू आलं.

"टेक ना रे, दादा. टेक."

आता धाकू चिडला. पोतं फेकून पळावं म्हणून दोन्ही हातांनी ढकललं. निघेना! डोक्याला चिकटलेलं. आणि पोत्यावरून दोन हात खाली आले. ओले. थंड. एकानं त्याची हनुवटी धरली, दुसऱ्यानं मोळीचा दोर त्याच्या गळ्याभोवती घेतला. हळू. सावकाश. भाकरी थापावी तसं, घाई नाही.

"माझं पोर रात्रभर रडलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सकाळी आवाज बसला त्याचा. तू जेवलास त्या रात्री? झोपलास?"

"सोड!" धाकू गुरगुरला. मांड्या रोवल्या, मान ताठ केली, होता नव्हता तेवढा जोर लावला. आणि ऐका, त्यानं जितका जोर लावला, तितकी ती जड झाली! पुन्हा जोर, पुन्हा जड. गुडघे वाकले. पायाखालची माती दरीत गळायला लागली. यमूचा मांडव डोळ्यांपुढून गेला. दोर आवळला.

"काय रे गड्या?" ती म्हणाली. "उचलवत नसंल तर बांधू नये."

त्याचेच शब्द!

तेव्हा धाकूचा सगळा माज गळून पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जोर सोडला. अंग सैल टाकलं, जसं लेकरू कडेवर टाकतं. श्वास उरला नव्हता, तरी ओठ हलले. "आई... हात लाव. ओझं तुझं. पायही तुझेच."

दोर थांबला.

वाऱ्याची एक झुळूक आली, तिला शेंदराचा आणि तेलाचा वास. डोक्यावरचं सगळं वजन उतरलं, आणि धाकू दरीच्या उलट्या अंगाला, वाटेवर पडला. वरून आवाज आला, दातओठ खाल्ल्यासारखा:

"तिचं नाव घेतलंस म्हणून तुझा जीव सोडते. पण रिकामी नाही जायची मी."

उजाडताना नाना माणसं घेऊन वर आले. धाकू वाटेवर पडलेला, गळ्याला दोराचा वळ. पोतं मधल्या धोंड्यावर नीट ठेवलेलं, एक दाणा सांडला नव्हता. त्याच्याशेजारी वाळलेली मोळी. माणसांनी पोतं वर नेलं, वऱ्हाड जेवलं. पण कानपिळीच्या वेळी धाकू नवऱ्या मुलाचा कान पिळायला गेला, तर बोटांत ताकदच नाही! मांडव हसला. यमूही हसली. धाकू नाही हसला. त्या दिवसापासून पाण्याची घागरसुद्धा त्याला उचलवली नाही. जीव आईनं सोडवला. जोर भागीनं ठेवून घेतला.

"मग धाकूनं पुढं काय केलं, आजोबा?"

भागीचं पोर वाढवलं. रोज तिन्हीसांजेला आईच्या शिळेपाशी बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, आधी हात टेक बाबा, मग चढ. पण भागी काही शांत झाली नाही. तिची मोळी अजून तिथंच आहे, उचलून द्यायची कुणाची छाती होत नाही. म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नाही.

आणि दाराला पाठ का लावायची नाही? ती समोरून येत नाही रे. पाठीमागून हाक मारते, दाराबाहेरूनसुद्धा. कधी तशी हाक आली, तर आपल्या दंडाच्या भरवशावर उठू नका. आधी आईचं नाव घ्या.

पण उठा. कुणाचीही 'हात लावा' अशी हाक आली की बसून राहू नका.