बदक चालते तवा मी चूप

आमचं गाव सालेकशाच्या अंगानं, गाडी जाते पन थांबत नाही असं. माहं नाव धनपाल. बाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, राबला, मीबी राबलो, पावसाळ्यात धानाची रोवनी, मंग कापनी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, अन् दिवाळी झाली का दंडार. दंडार तुमाले मालूम नसन मॅडम, तर सांगतो, लिहून घ्या. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, मेळा म्हना, लेकी माहेरी येतेत, पावने येतेत, अन् गडीमानसं रांगेत उभं राहून नाचत-गात खेळ करतेत, तेच दंडार. तिच्यात एक नकल्या असते, हासवनारा. तो मी. नाचनारे बम भेटतेत, हासवनारा एखादाच, हे मी माह्या तोंडानं नाही म्हनत, आमच्या दंडारीचा म्होरक्या सुखराम बुढा म्हने.

ह्या सुखराम बुढ्याचा एक नेम होता. ज्याची नकल करायची त्याच्या दारात सकाळीच जायचं, पान द्यायचं, सांगायचं का आज तुमची नकल करनार हाये. त्यानं पान घेतलं तर करायची, नाही घेतलं तर नाही करायची, मंग तो पाटील असो का कोतवाल असो. मले वाटे, बुढा भित्रा हाये, आधी सांगून कोनी हासवते काय. पन त्याच्या धाकानं जात होतो पान घेऊन.

मंग आला व्हिडिओ. निन्यान्नव साल असन का त्याच्या पुढचं, नक्की नाही सांगता येत. मंडईत लोक दंडार सोडून टीव्हीकडं पळाले. आम्ही नाचून राहिलो अन् समोर चार बुढे अन् एक कुत्रा. त्याच साली सुखराम बुढाबी गेला. बाकीच्यायनं पायातले घुंगरू सोडले अन् राइस मिलमध्ये पोते उचलायले गेले. मी म्हनलो, मी नाही जात. लोक टीव्ही पाहतेत ना, तर मी टीव्हीतूनच हासवीन.

गेलो गोंदियाले. सीडीच्या दुकानात दुकानदार म्हने, कौन सी दूँ, मारधाड वाली? मी म्हनलो, जिसमें बुड्ढा भी हँसे, बच्चा भी हँसे, और सास-बहू संग में बैठ सकें. त्यानं एक कार्टूनची देल्ली, इंग्रजीतली. म्हने, ये बच्चों का खेल है, गाँव में कौन देखेगा. मी घेतली. वापस येताना गाडीत अशी झोप लागली का सालेकसा निघून गेलं, मी पार राजनांदगावले उठलो, घरी सांगतलं डोंगरगडले उठलो, तेवढंच जवळ वाटते.

फिल्म कशी होती, तर एक अस्वल, स्वतःले भल्ला हुशार समजनारं, अन् एक बदक, चार पिल्लं घेऊन नदीकडं निघालेलं, रस्त्यानं अस्वल त्यायले अक्कल शिकवते अन् स्वतःच पडते. बस, एवढीच गोष्ट. भाषा मले समजत नव्हती, पन अस्वल झाडावरून पडलं तर त्याले भाषा कायले लागते. मी भाड्यानं आनलेल्या टीव्हीचा आवाज बंद केला अन् बाजूले उभा राहून आपल्या झाडीच्या बोलीत मीच बोललो, अस्वलाचंबी मीच, बदकाचंबी मीच. मंडई दिवसाची, म्हनून चहूकडून ताडपत्री लावून मांडवात अंधार करो.

काय सांगू तुमाले, पयल्या दिवशी पोट्टेच आले. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायचे बाप आले, म्हनत का पोट्ट्याले घेऊन आलो, अन् संगं पोट्टाच नाही. एक गोष्ट मी तिथं उभा राहून शिकलो. पोट्टे अस्वल पडल्यावर हासतेत, बुढे पडायच्या आधी हासतेत, कारन त्यायले मालूम असते हा आता पडते म्हनून. दोघंबी एकाच वेळी हासले पायजे, तर पडायच्या अन् न पडायच्या मधात बोलायले लागते. ते मले जमलं. दोन-तीन वर्सं गावोगावी हेच केलं, चिचगडपर्यंत गेलो. ज्या गावात जाऊ तिथल्या मानसायची बोली उचलो, एका गावात अस्वलाले पाटलाचा खोकला, दुसऱ्या गावात दुकानदाराची हेंगाडी हिंदी, लोक लोटपोट. अन् पान कोनाले देल्लं नाही. दंडारीत मी मानूस बनत होतो, हे तर टीव्हीतलं जनावर, जनावराले कोन पान देते. असा हिशोब माहा.

हिशोब चुकला तो आमच्याच गावात. भागरता आत्या म्हनून हाये आमच्या गावात, सख्खी नाही, पन साऱ्या मोहल्ल्याची आत्या. तरनी होती तवा बैलबंडीचं चाक तिच्या पायावरून गेलं, तवापासून लंगडते, एका अंगावर झुकून चालते. शाळेत खिचडी शिजवायले नुकतीच लागली होती. पोट्टे तिच्या मागं-मागं राहत, अन् ती त्यायले म्हने, धीरानं ना माय, धीरानं ना. तर मंडईत मी काय केलं, बदक डुलत-डुलत निघालं अन् मी म्हनलो, धीरानं ना माय, धीरानं ना. मांडव हासून असा फुटला का ताडपत्री हालली. पोट्टे ओरडले, भागरता आत्या, भागरता आत्या. ती मांडवातच होती, मागं बसली होती. उठली अन् चालू लागली. तिकडं टीव्हीत बदक चालून राहिलं, इकडं ती चालून राहिली, अन् लोक अजूनच हासले. मी पाह्यलं, मॅडम. पाहूनबी बोलत राहिलो, कारन हासू उसळलं होतं अन् मले ते सोडवत नव्हतं. हे तुमी लिहा, गाळू नोका.

शाळा उघडली तवा पोट्टे थाळ्या घेऊन तिच्या मागं रांग धरून डुलत चालले. तिनं हातातला खिचडीचा डाव खाली ठेवला अन् घरी गेली ते आलीच नाही. गुरुजी बोलवायले गेले, बचत गटाच्या बाया गेल्या, नाही म्हने. नवरा नाही, लेक लगन करून देल्लेली, तेवढंच काम होतं तिले, अन् तेवढेच पोट्टे होते.

मी पान घेऊन गेलो. ती दारातच सूप घेऊन बसली होती. म्हने, पान आज कायले आनलास, नकल तर होऊन गेली. मी म्हनलो, आत्या, तुही नकल नव्हती, बदक होतं. म्हने, बदकाले मी शिकवलं का चालायले? मंग म्हने, मी लंगडते हे गावाले मालूम हाये, मलेबी मालूम हाये, पन ते पोट्टे पाह्यत नव्हते रे. तू दाखवलास. मले एवढी शरम वाटली का पान तिथं ठेवावं का वापस न्यावं हेबी सुचे ना.

घरी येऊन घरचीले सांगतलं, हीच फिल्म त्याच पोट्ट्यायले पुन्हा दाखवीन अन् आत्याले शाळेत वापस आनीन, नाही तर सीडी चुलीत. घरची म्हने, आधी धान कापून घ्या. कापनी करता-करता मी बोलत राहिलो, येडा झाला म्हनत लोक. बदकाले शहानं बनवून पाह्यलं, देवीवानी बोलवून पाह्यलं, सारं खोटं वाटे. गावातल्या कोनाचाच आवाज न घेता हासवायचं, हे मले जमतच नव्हतं. मंग एक दिवस समजलं का अस्वल मीच होय. स्वतःले हुशार समजते अन् पडते. मंग त्याच्या तोंडात माह्याच फजित्या टाकल्या, अन् बदकाले काहीच नाही देल्लं. बदक चालते तवा मी चूप.

शनिवारी गुरुजीनं एक खोली देल्ली, खिडक्यायले पोते बांधले. सकाळी आत्याच्या दारात गेलो पान घेऊन. म्हनलो, आज माहीच नकल करनार हाये, पन तू येशीन का? तिनं पान घेतलं. येते म्हनली नाही, नाही येतबी म्हनली नाही.

खेळ सुरू झाला. अस्वल गोंदियाले गेलं, पोट्टे हासले. बदक निघालं, मी चूप, पोट्टे वाट पाहून राहिले का हा आता म्हनते, मी नाही म्हनलो. मंग त्यायनं बदकालेच पाह्यलं. एक पोट्टी म्हने, गुरुजी, ते मागं पाहून-पाहून चालून राहिलं, पिल्लू सुटू नये म्हनून. मंग अस्वल गाडीत झोपलं, अन् मी म्हनलो, उठलं तर डोंगरगड. तितक्यात दारातून आवाज आला, खोटं बोलून राहिला रे, हा राजनांदगावले उठला होता, साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाये. भागरता आत्या उभी होती. पोट्टे, गुरुजी, खिचडीवाल्या बाया, सारे माह्यावर असे हासले का मले पुढचं बोलताच नाही आलं, अन् ती सगळ्यायच्यापेक्षा जोरानं हासली. सोमवारी तिनं डाव हातात घेतला.

तवापासून आजपावतर पान देल्ल्याबिगर मी कोनाचा आवाज उचलला नाही. आता मंडईत मले कोन बोलवते, घरोघरी मोबाईल हाये, जो तो आपल्या-आपल्या हातातलं कार्टून पाहून एकटा हासते. हासो बापा, हासनं कुठूनबी येवो. पन आश्रमशाळेवाले अजून बोलवतेत, मी जातो, जाईन बी, तोंड चालते तोवर.

आत्याचे डोळे गेले आता. संध्याकाळी तिच्या ओट्यावर मी मोबाईलवर तीच फिल्म लावतो, पोट्ट्यायनं त्यात भरून देल्ली, अन् तिले सांगत राहतो. मागच्या हप्त्यात बदक निघालं अन् मी सवयीनं चूप बसलो. ती म्हने, काऊन रे थांबलास, मले दिसत नाही, तू चूप राह्यला तर मले कसं समजन? मी म्हनलो, आत्या, बदक चालून राहिलं. म्हने, कसं चालून राहिलं? मी म्हनलो, तुह्यावानी. ती म्हने, मंग पोचन ते नदीवर.