नानकटाईच्या पत्र्यावरचं कार्ड

आम्ही मूळचे लासलगावकडचे. वडील मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे, आणि मी अंगानं असा काडीपैलवान की गोणीनंच मला उचलावं, म्हणून चुलत्यांनी मला नाशिक रोडला आपल्या बेकरीत आणलं, म्हणाले याला निदान पाव तरी उचलता येईल. तेव्हापासून भट्टीसमोर हाय. चुलत्यांनी पहिल्या दिवशी एकच शिकवलं, पत्रा आकड्यानं भट्टीच्या तोंडाशी ओढला की त्याला एक झटका द्यायचा, म्हणजे खाली चिकटलेली नानकटाई सुटते. विसरलो की डोक्यात टपली. आता चुलते नायत, टपली नाय, झटका मात्र हातात राहिला, इतका की घरी हिनं पोह्यांची ताटली दिली तरी मी आधी झटका देतो आणि मग भुईवरचे पोहे गोळा करत बसतो.

तर आमची सारिका. ती घरांची चित्रं काढते, म्हणजे ओटा कुठं, कपाट कुठं, ते कॉम्प्युटरवर असं उभं करते की आत चालत जावंसं वाटतं. जावई विम्याच्या कचेरीत. माणूस निर्व्यसनी म्हणून आम्ही मुलगी दिली, पण त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं व्यसन हाय हे आम्हाला कुणी सांगितलंच नाय. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि घरातली एखादी वस्तू उघडायची. मिक्सर उघडला, तो अजून उघडाच हाय.

लग्नानंतर सारिका म्हणाली नवा लॅपटॉप घेऊ, तर हे म्हणाले छे, आजकालच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड बोर्डालाच जोडून टाकलेलं असतं, ते गेलं की सगळंच गेलं, शहाण्या माणसानं जुना जाडजूड घ्यावा, त्यातलं कार्ड स्क्रू काढून बदलता येतं, आयुष्यभर चांगलं चांगलं कार्ड घालत राहायचं. आणि शहाण्या माणसानं आणला एक जुन्या बाजारातून, तो उचलताना मला लासलगावची गोणी आठवली. त्यातलं कार्ड काढून दुसरं मोठं घातलं, तेही कुणीतरी वापरून टाकलेलंच. कार्ड म्हणजे काय, तळहाताएवढी हिरवी पट्टी, वर चिकटवलेले बारीक तुकडे, मधे काळी चकती, तिच्या जिवावर पडद्यावर चित्र उमटतं म्हणे. ऐन दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर आधी रेघा आल्या, मग सगळं काळं.

सारिकाला एका बंगल्याची चित्रं दिवाळी संपली की द्यायची होती. तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम, नाय दिलं तर ते दुसऱ्याकडं जाणार. रडली नाय पोरगी, पण फोनवर हळू बोलायला लागली. ते मला जास्त लागलं.

आणि पहिला दिवाळसण. दिवाळसणाला जावयाला नाय म्हणायचं नसतं. मला वाटलं अंगठी मागतील, मी मनाची तयारी केलेली. तर यांनी मागितली भट्टी.

म्हणाले, मामा, कार्डातली डाख, म्हणजे तुकडे चिकटवणारं कथील, तडकली हाय, भट्टीत थोडा वेळ भाजलं की डाख वितळून परत जागेवर बसते, परदेशात सगळे असंच करतात. परदेशात सगळ्यांचे सासरे बेकरीवाले असतात काय, हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, वा वा, बसा ना जावईबापू.

आता आमच्याकडं दिवाळीत बायका घरून पीठ मळून, गोळे वळून आणतात, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवतात आणि रांगेत उभ्या राहतात. त्या रांगेत आमचे जावई, पत्र्यावर चांदीचा कागद, त्यावर ते हिरवं कार्ड, आणि चिठ्ठीसुद्धा. मागची बाई डोकावून म्हणाली, ही कसली बर्फी हो? तर तिला समजावत बसले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तूप किती घातलं?

मी म्हटलं, याचा धूर वाईट, आधी सगळ्यांची नानकटाई निघू द्या, तुमचा पदार्थ शेवटी, मग मला रिकामी भट्टी जाळून काढावी लागंल. तोवर ते मैद्याच्या गोणीवर बसले, सणाची निळी पँट मागून पांढरी. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मी सासरा म्हणून भट्टीत तोंड घालून हसत होतो.

शेवटी कार्ड आत गेलं. सारिका दारात येऊन उभी राहिली. जावई मोबाईलवर वेळ बघत म्हणाले, मामा, एक लक्षात ठेवा, ओढताना हलवायचं नाय, आतली डाख पातळ झालेली असते. म्हटलं हो, हो. मला भट्टी शिकवताय, हे पुन्हा मनात. वेळ झाली तसा मी आकडा लावला, पत्रा हळू ओढला, लय हळू, पार तोंडाशी आणला, आणि दिला झटका.

काय सांगू तुम्हाला. कार्डावरचे सगळे बारीक तुकडे टुटीफ्रुटीसारखे घसरून एका कोपऱ्यात गोळा. जावयांनी पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दिवाळसणाला सासऱ्यावर ओरडता येत नाय, एवढा एकच फायदा मला त्या दिवाळसणाचा झाला. सारिका घरात गेली.

मग पाडवा. घर पाहुण्यांनी भरलेलं, सारिका नवऱ्याला ओवाळतेय, जावयांनी खिशातून पाकीट काढलं, तर ही म्हणाली, अहो, पाकीट नको, मला नवा लॅपटॉप पाहिजे, ज्यातलं कार्ड निघत नाय असा. तबक काय खाली घेईना. जावई म्हणाले, आणि बिघडला तर? ही म्हणाली, बिघडला तर दुकानात देईन, तुम्हाला नाय. सगळा गोतावळा बघतोय, पाडव्याची दुकानं उघडी, संध्याकाळी लॅपटॉप घरात. भाऊबीजेला पोरगी ओवाळून उठली ती थेट चित्रांना बसली, आणि काम वेळेत दिलं. तो बंगला आता उभा राहतोय, ओटा तिनं काढला तिथंच.

जावई आजही प्रत्येक लग्नात, बारशात सांगतात, कार्ड शंभर टक्के चाललं असतं, मामांनी झटका मारला. ते तुकडे डबीत जपून ठेवलेत, काढून दाखवतात. मी मान खाली घालतो. माणूस मनानं चांगला हाय, देव त्यांना सुखी ठेवो आणि त्यांच्या घरातले स्क्रू घट्ट ठेवो.

परवा सारिका आली होती. पोहे करता करता म्हणाली, अण्णा, खरं सांगा, झटका मुद्दाम मारलात ना? म्हटलं अगं छे, हाताची सवय, हाताला मी विचारत नाय आणि हात मला विचारत नाय. तिनं ताटली माझ्या हातात दिली आणि बघत उभी राहिली. मी ताटली घेतली, सावकाश मांडीवर ठेवली, आणि खायला लागलो. एक दाणा सांडला नाय.