निघावं म्हणतो

ठक्, ठक् ठक्. ठक्, ठक् ठक्.

घाबरू नका, माईक बिघडलेला नाही. हा आवाज मी आत्ता बोटांनी काढला, पण तो मूळचा विट्याच्या शाळेतला आहे. इयत्ता सातवी, जेवणानंतरचा तास, आणि आमचे मराठीचे गुरुजी लाकडी डस्टर टेबलावर आपटत सगळ्या वर्गाकडून कविता चालीवर म्हणवून घेताहेत. एक ठोका हलका, दोन जड. लगागा, लगागा. वृत्त भुजंगप्रयात. गुरुजी म्हणायचे, अर्थ पुढे कधीतरी कळेल, आधी चाल अंगात जाऊ द्या. बऱ्याच कवितांचा अर्थ मला अजून कळलेला नाही. चाल मात्र गेली ती गेलीच.

संबोधनाआधीच बोलत सुटलो, हे काही रीतीला धरून झालं नाही. तर आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इंगोलश्टाट मराठी मंडळाचे आधारस्तंभ श्री. कुमारराव, म्युनिकहून खास आलेल्या, आणि स्वतःच्या गाडीला उशीर झाल्यामुळे आपल्या मंडळाला प्रथमच वेळेवर ठरवणाऱ्या प्रमुख पाहुण्या सौ. सुनेत्राताई, माझा मुलगा श्रीरंग, सूनबाई शुभा, सभागृहातील बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत कानांत यंत्र घालून अत्यंत शिस्तीत बसलेल्या बालमित्रांनो,

मी दीनानाथ. एस.टी.च्या विटा आगारात वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे फलाटावर गाडी लागली की माईकवरून ओरडायचं काम. त्यामुळे माईक हातात आला की मी शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. सांभाळून घ्या.

आपल्या मंडळाची एक सुंदर प्रथा आहे. मुलांकडे राहायला आलेले आईवडील भारतात परत निघाले की त्यांना शाल, श्रीफळ आणि श्रीखंड देऊन निरोप द्यायचा. आज माझी पाळी. आता हा नारळ बघा. आमच्या खात्यात एखाद्याच्या हातात नारळ दिला असं म्हटलं, की लोक समजायचे, गेली बिचाऱ्याची नोकरी. मंडळाने तोच नारळ शालीसकट दिला, तेव्हा त्याला सत्कार म्हणतात. आणि हा नारळ मिळावा म्हणून कुमारराव गावाबाहेरच्या आशियाई दुकानापर्यंत गाडी घेऊन गेले. मला घालवण्यासाठी माणसाने इतके कष्ट घ्यावेत, याने मन भरून येतं.

सुनेत्राताईंनी आत्ता सांगितलं की काकांना मातीची ओढ स्वस्थ बसू देत नाही. फार सुरेख बोलल्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण खरं म्हणजे माझा व्हिसा नोव्हेंबर संपेपर्यंतचा आहे. परतीचं तिकीटही तेव्हाचंच होतं. मग मी येत्या मंगळवारी का चाललो आहे? ही ओढ नेमकी कुणाची?

सांगतो. त्यासाठी आधी मला ब्राझीलला जावं लागेल. हसू नका, फार लांब नाही, आमच्या घरात डाव्या हाताची खोली.

माझी नात मैत्रेयी सोळा वर्षांची. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. दोघांनाही समोरचं निम्मंच कळत असल्यामुळे भांडण होत नाही. यंदा मी गणपतीआधी आलो, तेव्हा तिच्या खोलीतून काहीतरी विलक्षण ऐकू येत होतं. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, ज्युरेमा. ब्राझीलची गायिका, तरुण आहे, हा तिचा नवा अल्बम. नावाचा अर्थ 'वाऱ्याची ओसरी'. मग तिने मला खुर्ची दिली. हल्लीच्या सोळा वर्षांच्या मुलीने आजोबाला स्वतःच्या खोलीत खुर्ची देणं म्हणजे काय, हे इथल्या आजोबांना वेगळं सांगायला नको.

त्या अल्बमात काय नाही? पहिल्या गाण्यात जत्रेतली पेटी वाजते, आणि तिच्या खाली असा दणका की शुभाच्या काचेच्या कपाटातले पेले एकमेकांच्या चौकशा करायला लागतात. दुसऱ्यात सांबा. तिसऱ्यात चर्चमधला समूहस्वर आणि त्यातच संगणकाचे चिवचिवाट. चौथ्यात एक चामड्याचं वाद्य आहे, ते वाजत नाही, रडतं. श्रीरंगने एकदा दारात उभं राहून ऐकलं आणि विचारलं, "पण बाबा, हे नक्की कुठल्या प्रकारचं म्युझिक?" तो इंजिनिअर आहे, सुटा भाग हातात आला की तो कुठल्या गाडीचा हे त्याला कळलंच पाहिजे. मी म्हटलं, "अरे, मिसळ खाताना तू विचारतोस का, ही उसळ की चिवडा?" तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच मी खात नाही."

सहाव्या गाण्यात मधेच एक म्हातारा रेडिओवर काहीतरी जाहीर करतो. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. ही बसस्थानकावरची घोषणा. तोच सूर, तोच शेवटी खाली पडणारा आवाज. मला तर फलाट दिसला, धूळ दिसली. मैत्रेयीने शोधून काढलं. ते लॉटरीचे निकाल होते. असोत. मला अजूनही तिथे गाडीच लागते.

आणि पाचवं गाणं. त्याचा ठेका काय असावा? एक हलका, दोन जड. मी खुर्चीतून उठलो. मैत्रेयी म्हणाली, "वास इस्ट लोस, आजोबा?" काय झालं? मी म्हटलं, गुरुजी आले. आणि तिथल्या तिथे दोन ओळी जुळवल्या, ज्युरेमाच्या ठेक्यावर, शाळेतल्या चालीत:

निघालो निघालो म्हणे पाहुणा हा,
परी पाय दारातुनी का हलेना?

मैत्रेयी इतकी हसली. मग म्हणाली, पुन्हा. मग रोजच झालं. ती शाळेतून यायची, आम्ही जेवायचो, दीडच्या सुमाराला पाचवं गाणं लागायचं, ती टाळ्या वाजवायची आणि मी पूर्ण आवाजात, म्हणजे फलाट क्रमांक चारपर्यंत जाईल अशा आवाजात, पाहुणा दारात उभा करायचो.

आता तुमच्यातले जे इथे वर्षानुवर्षं राहतात ते कपाळाला हात लावताहेत, मला दिसतंय. बरोबर आहे. दुपारी एक ते तीन आमच्या इमारतीत रूहेत्साइट असते. शांततेची वेळ. जिन्यात पाटीच लावली आहे. खालच्या मजल्यावर फ्राऊ लेश्नर राहतात, एकट्याच, आणि ती पाटी त्यांनी स्वतः पुसून लखलखीत ठेवलेली असते. पहिल्याच दिवशी खालून झाडूच्या दांड्याचे ठोके आले. ठक्, ठक् ठक्. मैत्रेयी घाबरली. म्हणाली, त्या चिडल्या आहेत. मी म्हटलं, असतील, पण तालात चिडल्या आहेत. शुभा दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन खाली माफी मागायला गेली. डबा धुऊन परत आला, आत काही नाही. आणि दीडला ठोके पुन्हा आले. मी तरी ती साथच समजत राहिलो. म्हातारपणी माणसाने स्वतःच्या सोयीचं ऐकावं.

ज्युरेमा नोव्हेंबरात म्युनिकला येणार आहे, स्वतः गायला. मैत्रेयीने खाऊच्या पैशांतून दोन तिकिटं काढली. एक तिचं, एक माझं. मैत्रिणीला नाही, मला. मी त्या दिवशी जेवलोच नाही, भूकच लागली नाही.

आणि त्याच रविवारी, मंडळी, मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो, "आता निघावं म्हणतो. पुष्कळ झालं राहणं."

का म्हणालो? इथे पुण्यामुंबईचे, सांगली-साताऱ्याचे लोक बसलेत, त्यांना हे विचारावं लागू नये. पाहुण्याने असं म्हणायचं असतं. मन भरून आलं, घर गोड वाटायला लागलं, की तेव्हाच म्हणायचं असतं. मग यजमान म्हणतो, काय घाई आहे. पाहुणा म्हणतो, नाही नाही, निघतोच. मग घरची बाई म्हणते, माझ्या हातचं आवडलेलं दिसत नाही. मग कुणीतरी पिशवी लपवतं. तीन वेळा नको म्हणायचं, तीन वेळा आग्रह करून घ्यायचा, आणि मग मोठ्या नाइलाजाने आपल्याला हवं तेच करायचं. आमचे वडील आत्याकडे दोन दिवसांसाठी गेले, ते निघतो निघतो म्हणत आंबे संपेपर्यंत राहिले. पाहुणचार म्हणतात तो हाच.

तर मी म्हणालो, निघावं म्हणतो. आणि माझा श्रीरंग, अठरा वर्षं या देशात काढलेला, चमचा खाली ठेवून म्हणाला, "गेनाऊ, बाबा. मीही तेच म्हणणार होतो. थंडी वाढतेय, तुमचे गुडघे. तारीख बदलून टाकू." वरण गार व्हायच्या आत तिकीट बदललं होतं. शुभाने प्रेमाने विचारलं, "बाबा, खिडकी की मधली बाजू?" मी म्हटलं, कुठलीही चालेल. दुसरं काय म्हणणार? या देशात हो म्हणजे हो आणि नाईन, म्हणजे नाही, ते नाहीच. त्याने माझ्या शब्दाला मान दिला. मुलगा आज्ञाधारक निघाला, तक्रार कुणाकडे करायची?

आणि मला वाटलं, उद्या हळूच सांगू. दुसऱ्या दिवशी कुमाररावांचा फोन. "काका, जाताय असं कळलं. छे, असं कसं जाऊ देऊ? निरोप समारंभ झाल्याशिवाय जाऊच देणार नाही." मंडळी, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात विचित्र आग्रह. मग हॉल ठरला, निमंत्रण फिरलं, श्रीखंडाची ऑर्डर गेली. ज्याच्या नावाने श्रीखंड आलं त्याने राहणं बरं दिसतं का?

मैत्रेयी त्या रविवारी टेबलावरून उठून गेली. रात्री येऊन म्हणाली, "वारूम?" का? मी म्हटलं, "अगं, तसं म्हणायचं असतं." तिने विचारलं, "मग माणसाला खरंच जायचं असेल तर तो काय म्हणतो?"

सातवीपासूनच्या सगळ्या कविता मनात फिरवल्या. त्यांतही सगळे नुसतं निघतो निघतोच म्हणतात. म्हणाली, तर मग पप्पांना सरळ सांग. आता हिला कसं सांगू, की मी सरळ बोलायला शिकलेलोच नाही, मी भाषण करायला शिकलो आहे.

त्यानंतर डाव्या हाताच्या खोलीत गाणं लागलं नाही. परवा दुपारी दीडला सगळं शांत होतं, पाटीप्रमाणे. आणि खालून ठोके आले. ठक्, ठक् ठक्. गाणं नसताना. मी म्हटलं, सवय असेल.

आज ती इथे आलेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी आग्रह केला नाही. ती इथे जन्मलेली आहे, तिला नको म्हणजे नको.

विट्याला माझं घर आहे. कुलूप चांगलं आहे, किल्ली माझ्याच खिशात आहे, आणि तिथे दुपारी कितीही मोठ्याने म्हटलं तरी खालून कुणी काही म्हणत नाही. त्यामुळे काळजीचं कारण नाही.

श्रीरंग, तू फोन खाली ठेवलास, मी बघितलं. माझ्याकडे असा बघू नकोस. मी कुणाला काही म्हणत नाही. मी फक्त निरोप घेतो आहे, आणि निरोपाच्या भाषणात माणूस थोडा लांबतो, एवढंच.

तर, अध्यक्ष महोदय, वेळ झाली. सहाला हॉलची किल्ली परत द्यायची आहे. मंडळाने या म्हाताऱ्याचं इतकं कौतुक केलं, सुनेत्राताईंनी माझ्यात नसलेले गुणही शोधून काढले, शुभाने दोन महिने मऊ भात केला, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुठे मात्रा चुकली असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर तो चालीचा दोष समजून पोटात घाला. मी आपली...

दार कुणी ढकललं? हॉलची देखभाल करणारा हाउसमाइस्टर दिसतोय. सांगा त्याला, आटोपलंच.

नाही, तो नाही. ही टोपी ओळखीची आहे. अरे, फ्राऊ लेश्नर.

आणि त्यांच्या मागे, खांद्याला पिशवी, डोकं अजिबात न दुखणारी आमची मैत्रेयी.

बिट्टे, बिट्टे, या, आत या. थांबा मंडळी, त्या काही विचारताहेत. माझ्या कानांनी जेवढं पकडलं तेवढं सांगतो. म्हणताहेत, चौदा तारखेला म्युनिकला कुठल्या गाडीने जायचं, ते ठरवायचं राहिलंय. मैत्रेयी सांगेना. म्हणाली, आजोबांनाच विचारा, म्हणून आले. हातात काय आहे? तिकीट. ज्युरेमाचं. तिसरं. गेले कित्येक आठवडे छताला कान लावून ऐकतेय, म्हणतात, आता त्या बाईचं तोंड तरी बघू दे.

शाल बघताहेत माझी. वाढदिवस का, विचारताहेत. शुभा सांगतेय त्यांना. हो, मंगळवारी. विमान. परत.

ऐकलंत ना सगळ्यांनी? मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल, आवाज आमच्या आगारात चालला असता. नाईन, म्हणाल्या.

मी रीतीप्रमाणे म्हणून बघतो. फ्राऊ लेश्नर, नको, पुष्कळ झालं राहणं.

पुन्हा नाईन.

श्रीरंग, तू का उभा राहिलास? बोल की. तिसरा आग्रह तुझा आहे.

कुमारराव, हा नारळ जरा तुमच्याकडे धरता? मला त्या बाईंना खुर्ची द्यायची आहे.