सासऱ्यानं दिलेलं घड्याळ

आमच्या मालकाचं सांगते, आधी चहा घ्या. परभणीच्या रद्दीवाल्याकडून भारी घड्याळांची जाडजूड पुस्तकं आणायचा लय नाद त्यायला. मनगट मात्र रिकामंच. आमच्या लग्नात माझ्या बापाला जावयाला घड्याळ द्यायला जमलं न्हाई. दुसरे जावई मांडवात रुसायचे, हे रुसले बी न्हाईत. ते माझ्याच मनात राहिलं.

परवा पुस्तक छातीवर घेऊन झोपले व्हते. मी त्यातलंच एक घड्याळ बघून पेनानं त्यायच्या मनगटावर काढलं. काटे वाकडेच आले. उठले अन् बघतच बसले. आता चिडतेत वाटलं.

म्हनलं, "अवो, बापानं पाठवलंय. जरा उशीर झाला."

सकाळी न्हाणीत बघते तर डावा हात वर धरून आंघोळ करायलेत!

"अवो, हात दुखंल की!"

"दुखू दे. सासऱ्याचं घड्याळ हाय, भिजलं म्हंजे?"