दार लावून शिजवलेला भात

माजं नाव हौसाबाई. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, पार वर डोंगराच्या कुशीतलं, आन सासर ही आमची वाडी, मढच्या वरच्या अंगाची, जुन्नर तालुका. सतराव्या वर्साला इथं आले ती इथंच भात लावत, नाचणी कापत, हिरडा गोळा करत म्हातारी झाले. तुमी वणव्याचं इचारायला आलात पावणं, सांगते, पण वणवा सांगायचा तर आदी तारा सांगावी लागंल. तारा म्हंजी माजी धाकटी जाऊ. ती बगा, कुंपणापल्याड शेंगा निवडतीय, मान खाली हाय पण कान इकडंच हायती तिचे. ऐकू द्या. मी काय तिच्या माघारी बोलत न्हाई, तोंडावर बी बोलते.

मी आले तवा सासू दारात भाकरतुकडा ओवाळून म्हणली, काळी हाय पण कामाची दिसती. तीन वर्सांनी तारा आली, तर हीच सासू म्हणली, उजेड पडला गं घरात. मंग आदी काय अंधार व्हता का? मी तवाच मनात गाठ मारली. काय सांगू तुमाला, मी जी जळायला लागले ती चुलीतलं लाकूड तरी इझतं, मी इझले न्हाई. तिनं चुलीवर काय बी ठिवलं तरी चव. तिची म्हैस दूध जास्त देणार, तिचं पोर लवकर चालणार. मी माज्या दत्तूला काखेत धरून अंगणात चालवायची, चाल रं मुडद्या, तिचा चालला. नऊ म्हयन्याचं पोर ते, त्याला काय कळतंय. आता आठवलं की मलाच हसू येतं, काय बाई व्हते मी, का कोण व्हते.

पण खरी आग लागली ती बियाणानं. आमच्या घरात रायभोगाचं बी व्हतं, भाताचं, सासूच्या सासूपासनं आलेलं. बारीक दाणा, आन शिजला की वास असा सुटायचा की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून इचारायचा, आज काय हाय. ते बी दर साली पेरायचं, कापायचं, त्यातलं चांगलं निवडून कणगीत भरून, वरनं शेणानं लिंपून ठिवायचं. ज्या बाईच्या हातात कणगी तिला घरात मान. थोरली मी. मला वाटलं माज्याकडंच येणार. सासू अंथरुणाला लागली तवा दोघींना बोलावलं आन म्हणली, कणगी ताराकडं दे. हौसाच्या हाताला घाई हाय, हिच्या हातात बी टिकायचं न्हाई. दोघं भाऊ, माजा नवरा आन दीर, तिथंच उभे व्हते, शेजारणी व्हत्या, सगळ्यांसमोर. मी कणगी उचलून ताराच्या घरात नेऊन ठिवली, सोताच्या हातानं, आन घरी येऊन चुलीपाशी बसून ढसाढसा रडले. सासू मरायला टेकली व्हती, लोकांना वाटलं सासूसाठी रडतीय. लई गुणाची सून म्हणले मला. येवढं एकच कौतुक झालं माजं, ते बी चुकून.

मंग मी काय केलं? चोरलं. तारा माहेरी गेली व्हती दुसऱ्या बाळंतपणाला, दत्तू माजा निजलेला, मी दुपारची गेले, कणगीचं शेण एका अंगानं टोकरलं, दोन पायल्या भात काढला, परत लिंपलं. लिंपण असं केलं की तिच्यापेक्षा गुळगुळीत. वढ्याच्या पल्याड टेकाडामागं आमचं एक खाचर हाय, तिकडं कोण फिरकत न्हाई, तिथं पेरलं. आन पावणं, असं आलं भात, असं आलं! लोंब्या पार खाली वाकल्या. मी बांधावर उभी राहून बगते आन सांगायला कोण न्हाई. सासू गेलेली. नवऱ्याला सांगावं तर तो भावाला सांगणार. माज्या हातात बी टिकलंय वं, असं वरडून सांगावं वाटायचं, पण कुणाला सांगणार? चोरीचा माल. पस्तीस वर्सं दर साली पेरलं, दर साली बी राखलं, आन दर साली कौतुक कुणाचं? ताराचं. काय तर म्हणं ताराबाईच्या घरचा रायभोग. मी दात खाऊन बसायची.

आता वणवा. तीन-चार वर्सं झाली त्याला. मी तवा लहान व्हते, एकसष्ट वर्सांची. हसू नका, अक्कल काय वयावर असती का? दोघं भाऊ तवर गेले व्हते, आमी दोघी राहिलो व्हतो एकमेकीच्या उरावर. चैताचे दिस, डोंगर वाळून कडकडीत. वणवा काय आमाला नवा न्हाई, दर साली कुठंतरी पेटतो, रात्री डोंगरावर लाल माळ दिसती. पण त्या वर्साला वारं चढलं. सकाळी उठले तर अंगणात राख पडलेली, गवताच्या काळ्या काड्या, दिसायला गवतासारख्याच, हात लावला की भुगा. वर कड्याखाली धूर. जंगलखात्याची माणसं आली, गडीमाणसं निरगुडीच्या डहाळ्या घेऊन झोडायला वर गेली, आन दुपारी खाली निरोप आला की आवरंना, वाडी खाली करा, मढच्या शाळेत जा.

माजा दत्तू मंचरला कांद्याच्या वखारीवर गाडी चालवतो, त्याची पिकअप. नशिबानं त्या दिशी घरी व्हता. तो म्हणला आये, निघायचंय, फकस्त लागंल तेवढंच घे. जनावरं आमी आदीच सोडली, दावी कापून, जा बाबांनो वाट फुटंल तिकडं. मंग मी घर आवरायला घेतलं. खरं सांगू? माजं लक्ष आवरण्यात नव्हतंच. एक डोळा वरच्या धुरावर आन एक कुंपणापल्याड, तारा काय काढती. ती हंडा काढती, मी दोन हंडे काढले. तिनं गोधडी काढली, मी चार. आग डोंगर उतरतीय, वाळला बांबू फुटल्यावाणी फटाफट आवाज येतोय, आन मी ताराचं सामान मोजतीय.

मंग ती कणगीपाशी गेली. शेण फोडलं, सगळं बी गोणीत वतलं, तोंड शिवलं, आन गोणी ओटीवर आणून ठिवली. बाकी तिनं काय न्हाई घेतलं, एक करडू काखेत आन ती गोणी. ते बगून मला आठवलं, माजं बी! माजं बी माळ्यावर डब्यात. आता ते कसं न्यायचं? गाठोड्यात घातलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच न्हाई. पण माजी अक्कल बगा, मला वाटलं गाडीत तारा शेजारी बसणार, तिला वास येणार, रायभोग हाय, ती एका दाण्यावरनं वळखती. मी काय केलं, भात पिशवीत भरला, पिशवी लोखंडी कपाटात ठिवली लुगड्यांच्या खाली, कुलूप लावलं, आन दत्तूला म्हणलं, कपाट घे.

तो म्हणला आये, याड लागलंय का, कपाट कशाला? मी म्हणलं कागदं हायती, जमिनीची. तो म्हणला मंग कागदं काढून घे. मी म्हणलं किल्ली सापडंना. आन किल्ली माज्या कमरेला! चौघांनी कपाट उचललं. त्याला मोठा आरसा हाय, दत्तूच्या लग्नातला, आन खोटं कशाला बोलू, ताराकडं आरशाचं कपाट न्हाई, ते सगळ्या रस्त्यानं मिरवत जाईल ह्याचा बी मला आनंद झाला. आग त्या आरशात दिसत व्हती, पावणं. मी तिकडं न्हाई बगितलं, मी ताराचं तोंड बगितलं.

वाडीतली म्हातारी माणसं चढली, दोन बाळंतिणी चढल्या. तारा गोणी वढत आली. जागाच न्हाई. दत्तू तिला म्हणला, काकू, तुमी बसा, गोणी दुसऱ्या खेपंला घेतो, ओटीवर राहू द्या. ती माज्याकडं बगून म्हणली, बाई, कपाट उतरवलं तर बसंल गोणी. मी आरशाला हात लावून म्हणले, त्यात कागदं हायती गं. ती करडू मांडीवर घेऊन बसली.

दुसरी खेप झालीच न्हाई. धूर रस्त्यावर उतरला, गाडी वर सोडंनात. शाळेच्या पटांगणात आमी बसलो, तारा माज्या शेजारी, मधी कपाट.

सकाळी वर आलो. माजं घर जसंच्या तसं. आयुष्यात पयल्यांदा वारं माज्या बाजूनं फिरलं, आन फिरलं ते ताराच्या अंगावर. तिच्या घरामागं पेंढ्याची उडवी व्हती, तिच्यावर ठिणगी पडली, घराचं नुसतं कूड उभं, कौलं खाली. आन सगळ्या वाडीत वास कशाचा, तर लाह्यांचा. गोणीतलं भात भाजलं, फुललं, जळलं. जत्रंत यावा तसा वास. तारा रडली न्हाई. राखेत बसली आन एकेक दाणा तळहातावर घेऊन चोळून बगायला लागली, एखादा जिता हाय का. दुपारपर्यंत बगत व्हती.

तुमाला वाटंल मंग हौसा सुधारली. कुठली! आठ दिसांत तिच्याकडं मदत सुरू झाली. जुन्नरहून मंडळाची पोरं आली, पत्रे आणले, भांडी आणली, नवी लुगडी, शेगडी, आन मिक्सर! मला मिक्सर न्हाई आन तिला मिक्सर. माजं घर न्हाई जळलं ह्याचंच मला वाईट वाटायला लागलं. मी त्या पोरांना हाताला धरून माज्या गोठ्याचा काळा कोपरा दाखवला, म्हणलं हितं बी आग आली व्हती. ते काळं माज्या पाणी तापवायच्या चुलीचं, वीस वर्सांचं. पोरं भली, एकानं फोटू काढला, मला एक बादली दिली. बिनझाकणाची.

मंग रोहिण्या जवळ आल्या. बायका राब भाजायला लागल्या, म्हंजी पालापाचोळा पसरून रोपाची जागा भाजायची, पेरायचं बी काढायला लागल्या. तारा म्हणली मी जुन्नरला जाते, दुकानातनं इंद्रायणीची पिशवी आणते. आत्याचं बी माज्या हातनं गेलं, बाई, असं म्हणली. आत्या म्हंजी आमची सासू. माज्या हातनं. आन खरं सांगते, मला गोड वाटलं. सगळ्या वाडीत आता रायभोग माज्याकडंच. आठ दिस मी ते सुख भोगलं. नवव्या दिशी ती यष्टीला निघाली आन कुंपणापाशी येऊन म्हणली, बाई, तुला बी एक पिशवी आणू का?

तिथं माजं कायतरी मोडलं. चांगुलपणानं म्हणाल तर न्हाई. मला वाटलं, ही आता इंद्रायणी लावणार, मंग मी रायभोग पिकवून कुणाला जळवू? पस्तीस वर्सं जिच्यासंगं शर्यत, तीच रिंगणातनं निघाली. मी म्हणलं थांब. आत गेले, कपाट उघडलं, पिशवी आणून तिच्या पुढ्यात ठिवली.

तिनं तोंड सोडलं, वास घेतला, एक दाणा दाताखाली धरून फोडला. मंग म्हणली, त्या दिशी कपाटात हेच व्हतं ना? मी मान हलवली. चोरी कबूल करायला पस्तीस वर्सं घाबरले ते काय न्हाई हो, तेवढी एक मान हलवायला जीव गेला. ती म्हणली, आन किल्ली? मी म्हणलं कमरेला. ती म्हणली, मला वाटलंच.

मी म्हणलं तुला चोरीचं कवा कळलं? ती म्हणली, बाई, ताक करताना, भाकरी करताना तुजं दार सताड उघडं, आन वर्सातनं चार-सहा वेळा दार लावून भात शिजवतीस, खिडकीला पोतं लावतीस. भात शिजवताना दार लावणारी बाई मी दुसरी बगितली न्हाई. वास काय दाराला इचारून जातो का? मी म्हणलं मंग बोलली का न्हाईस? ती म्हणली, तू जेवायला कवा बोलवतीस ते बगत व्हते.

बगा, माजी चोरी बी तिनं मला नीट भोगू दिली न्हाई!

मी चिडून म्हणलं, ते असू दे, पण तारे, टिकलं का न्हाई बी माज्या हातात? आत्या काय म्हणली व्हती? ती पिशवीत हात घालून म्हणली, टिकलं बाई. पण माजं म्हणून टिकलं. तुजं सोताचं असतं तर कवाच कांडून खाल्लं असतंस. लई राग आला मला. खरं व्हतं म्हणून आला. मंग तिनं पायली आणली, निम्मं भात मोजून घेतलं आन निम्मं मलाच परत दिलं. म्हणली, तुज्याकडं बी राहू दे, एका घरात ठिवून बगितलं एकदा.

आता दोघी पेरतो. दर साली व्हळीच्या आदी दोघींच्या घरामागं गवत कापून वणवा अडवायला जाळपट्टा काढतो, माजा तिच्यापेक्षा हातभर रुंद, मी काठीनं मोजते. गेल्या साली भात तिचंच जास्त आलं. पत्र्याचं घर बी तिचं, मिक्सर बी तिचा, चटणी वाटायची तर मला तिच्याकडं जावं लागतं, आन ती बटन मला दाबू देत न्हाई. पण भात मी आता दार उघडं टाकून शिजवते, आन वास गेला की ती ताटली घेऊन येती, न बोलावता. येती आन म्हणती, पाणी जरा जास्त झालंय.

आता कणगी पुढं कुणाच्या हातात द्यायची, माज्या सुनंच्या का तिच्या, ते ठरायचंय. जी मागं राहील ती ठरवणार. म्हणून मी देवाला म्हणते, माज्या तारीला शंभर वर्सं औक्ष दे बाबा, सुखाची दे, पायाला काटा लागू देऊ नको तिच्या.

आन मला एकशे एक दे.